धरायला पाय पायजेत

न्हाई रत्नाबाई, चुकून न्हाई बोलले मी. घाबरून बी न्हाई. तुमी पुण्यावरनं एवढ्या लांब आलात, पादरीसायबांनी धाडलं म्हणून आलात, बायबलबाईचं कामच हाय ते, अडाणी बायांना समजावायचं — समजावा की. पण आधी माझं ऐका, म्हंजे तुमचं बोलणं वाया जायाचं न्हाई. परवा रविवारी प्रार्थनेला, सगळ्या माणसांम्होरं, सायबांनी मला सवाल केला, सगुणाबाई, देव कसा आहे? आन मी म्हणलं, त्याला अंग हाय, हात हायेत, पाय हायेत. शाळेच्या पोरी फिदीफिदी हसल्या. वाल्मीक मास्तरांनी खाली मान घातली, त्यांनीच शिकवल्याली ना मी. आन सायब म्हणले, हिचा बाप्तिस्मा राहू द्या, ही अजून दगडाच्या देवातून बाहेर आलेली नाही. असंच सांगितलं ना तुमाला? तसंच झालं. त्यात खोटं काय न्हाई.

मी हात चालू ठिवते, राग धरू नका. ह्या पट्ट्या उकळून वाळवल्यात, आता गुंडाळून ठिवायच्या, दुपारच्याला माणसं यायला लागतील. तुमी तिकडच्या अंगाला सरका, हितं वारं आतनं येतं, वास घेऊन येतं. कसला म्हंजे? माणसाचा. दवाखान्यात दुसरा कसला येणार. नाकाला पदर लावा खुशाल, मला त्याचं काय न्हाई, मी बी लावायची — मी तर पळूनच गेले व्हते, पण ते जाऊ द्या. चार वर्सं झाली मला हितं. धनगराची बाई मी, ह्या डोंगरानं मेंढरामागं हिंडल्याली, आन आता लोकांची गळवं, कुजल्याली बोटं, भाजल्याली पोरं धुती. मडमबाई डाक्तरीण कापती, भिवाजी बांधतो, मी धुती. सवय व्हती म्हणत्यात लोक. काय सवय व्हत न्हाई. रोज सकाळी पहिली पट्टी सोडवली की घटकाभर भिंतीकडं तोंड करून उभी ऱ्हाती. रोज.

त्या सवालांच्या पुस्तिकेत बासष्ट सवाल हायेत बघा. त्यातले एकसष्ट मला तोंडपाठ येत्यात. जग कुणी केलं, पाप म्हंजे काय, आज्ञा किती — इचारा तुमी, झोपेतनं उठवून इचारा. एकच न्हाई येत. येत न्हाई म्हंजे काय, येतं, पण तोंडातनं निघत न्हाई. देव आत्मा आहे, त्याला माणसासारखे शरीर नाही. हे बघा, आता निघालं. तुमाला सांगायला निघतंय. देवाच्याम्होरं उभं ऱ्हाऊन निघत न्हाई.

मास्तर नगरकडचे, शिकल्याले. त्यांनी तीन महिने शिकवलं मला, ह्याच ओसरीवर, जेवणं झाल्यावर. त्या सवालापाशी आलो तवा मी म्हणलं, "मास्तर, शरीर म्हंजे अंगच ना?" म्हणले, "हो." "मग येशूला व्हतं." "होतं. तो आपल्यासाठी माणूस झाला." "मग मेला." "मेला." "आन उठला." "तिसऱ्या दिवशी उठला." "अंगासकट?" "अंगासकट." मास्तर खूश. बाईला समजायला लागलं. मी म्हणलं, "उठल्यावर त्यानं दोस्तांना हात दावले, पाय दावले, खिळ्याची भोकं दावली. म्हणला, चाचपून बघा, मी भूत न्हाई. भाजल्याला मासा खाल्ला त्यांच्याम्होरं. तुमीच वाचून दावलं." "बरोबर." "मग वर गेला. जाताना अंग संगं नेलं का हितं टाकलं?" मास्तर म्हणले, "नेलं." "मग आता वर हाय ते अंग?" "आहे. पण ते वैभवी शरीर आहे, आपल्यासारखं नाही." "भोकं हायेत का त्याला अजून?" तवा मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणले, "असावीत." मी म्हणलं, "मग देवाला अंग न्हाई कसं?"

काय म्हणावं त्यांनी? म्हणले, "पुत्राला आहे. पित्याला नाही, पवित्र आत्म्याला नाही. आणि हा प्रश्न एकंदर देवाविषयी आहे." मी म्हणलं, "पुत्र देव न्हाई का?" म्हणले, "आहे." मी म्हणलं, "मग?" — मग काय, मास्तर चिडले. म्हणले, "तुझं नावच सगुणा, तुला निर्गुण कुठून कळणार," आन आपल्याच बोलण्यावर आपणच हसले. मला त्या हसण्याची शिसारी आली बाई. एवढं कायतरी मोठं इचारलं माणसानं, जिवावर बेतल्यालं इचारलं, आन हा माझ्या नावावर हसतोय.

आन एक सांगू का तुमाला — सांगू नये, त्यांनी शपथ घातलीय, पण आता निघालंच तोंडातनं तर ऐका. त्याच महिन्यात मास्तरांना गळू झालं. कुटं तर बसायच्या जागी. आठ दिवस माणूस उभ्यानं शाळा शिकवतोय, पण मडमला दावायची लाज. शेवटी माझ्याकडं आले, भिवाजी बाजाराला गेला व्हता तवा. पालथे निजले. मोठं सुपारीएवढं, वर पांढरं तोंड आल्यालं. मी शेकलं, दाबलं, निघाला सगळा पू, रगत, आन मास्तर रडत्यात, आई गं, सगुणाबाई हळू, आई गं. मी म्हणलं, "मास्तर, शरीर म्हणत्यात ते हेच ना?" वाईट माणूस न्हाई त्यो. पण तिसऱ्या दिवशी बसता यायला लागलं की परत त्याच ओसरीवर, परत तेच — शरीर हे मातीचे भांडे आहे, देव त्याहून निराळा. जे रातंदिस दुखतं, जे कुजतं, जे धुवावं लागतं, ते सोडून उरल्यालं सगळं देवाचं. मला ओकारी येती असल्या बोलण्याची. साफ धुतल्याल्या हातांचं बोलणं हाय ते.

दगडाचा देव म्हणले ना सायब मला? दगडाचं बी सांगती. गेल्या सालच्या आदल्या साली धरणाचं पाणी वर चढलं, तवा खालच्या गावच्या लोकांनी आपापलं देव उपटून काढलं. आमचा बिरोबा बी काढला. टोपलीत घातला, वरनं घोंगडी टाकली, आन माणसं डोक्यावर घेऊन डोंगर चढली. मास्तर रस्त्यात उभं ऱ्हाऊन बघत व्हते, मला म्हणले, "बघ, ज्याला स्वतःला उचलून न्यावं लागतं तो तुम्हाला काय तारणार?" माझ्या मनात आलं, उचलता तरी येतो. टोपलीत वजन लागतं. म्हातारी माणसं त्या टोपलीला हात लावून रडत व्हती. मला काय बिरोबाकडं परत जायचं न्हाई, तसं समजू नका. मी त्याला सोडलं ते सोडलं. पण हात लावायला कायतरी लागतं माणसाला, हे त्या लोकांना कळत व्हतं आन मास्तरांना न्हाई, एवढंच.

मला अंगाचं कुणी शिकवू नये रत्नाबाई. मी अंगाला भ्यालेली बाई हाय.

नाथाचं तुमी ऐकलं आसंल. माझा दादला. हितंच मेला, ह्या आतल्या खोलीत. घरात आमी दोघंच, एक लेकरू झालं ते पाळण्यातच गेलं. कुरणं पाण्यात जाणार म्हणून कळलं तवा आमी मेंढरं इकली, चार शेरडं ठिवली, आन त्यो धरणाच्या कामावर दगड वाहायला जायला लागला. त्यात कुणाची चूक न्हाई — लोक म्हणत्यात असं झालं तसं झालं, कायबी न्हाई. गाडीतनं दगड उतरवत व्हता, त्याच्याच हातातनं निसटला, डाव्या पायावर पडला. लंगडत घरला आला. म्हणला, काय न्हाई, हळद बांध. बांधली. आठ दिवसांनी पाय निळा झाला, मग काळा, मग त्याला तोंड पडलं. आन वास. तुमाला ठाव हाय का, जिता माणूस कुजायला लागला की गोड वास येतो? लोकांना वाटतं घाण येत आसंल. घाण बरी. हा गोड आसतो, नासल्याल्या फणसासारखा, आन त्यो जेवणात बसतो, केसात बसतो, पाणी प्यायला घेतलं तर पाण्यात आसतो.

त्याला मी वाडग्यात ठिवलं. शेरडं कोंडायच्या. घरात चुलीचा धूर व्हायचा, त्याला खोकला लागायचा, म्हणून. तितं मोकळं वारं. भाकर-पाणी दोन वक्ताला नेऊन द्यायची मी, चुकले न्हाई कधी. मग उरवड्याहनं, माझ्या माहेराहनं निरोप आला, भावजय बाळंत व्हणार, ये. जावं लागलं. आठ दिवसांची भाकर करून ठिवली, घागर भरून ठिवली, शेजारणीला सांगितलं नजर ठिव म्हणून, आन गेले. माणसाला माहेरचं बी बघावं लागतं.

परत आले तवा वाडग्यात एक माणूस बसल्याला. बाह्या वर केल्याल्या, शेरडांच्या लेंड्यात फतकल मारून बसल्याला, आन नाथाचा पाय मांडीवर घेतल्याला. भिवाजी. दवाखान्याची पेटी खांद्याला लावून पौडाहनं मुळशीकडं चालला व्हता, शेरडं उपाशी वरडत व्हती म्हणून आत डोकावला. हातात चिमटा, म्होरं परात, परातीत लाल औषधाचं पाणी, आन त्या पाण्यात वळवळतंय — तुमी तोंड फिरवा, मी सांगणार हाय. अळ्या. एकेक काढून परातीत टाकतोय, आन नाथासंगं बोलतोय काय, तर औंदा भात कसा हाय, ह्या शेळीला दूध किती हाय. नाथा हसत व्हता. महिन्यानं मी त्याला हसताना बघितलं.

आन माझ्या तोंडातनं पहिलं काय निघालं आसंल? वाटतं का तुमाला, मी रडले, पाया पडले? मी म्हणलं, "ह्या महाराला वाडग्यात कुणी घेतलं?" व्हय. भिवाजी महाराचा, किरिस्ताव झाल्याला. नवऱ्याच्या पायात किडं पडल्यालं, आन मी इटाळ बघती. चार वर्सं झाली, अजून ते बोलणं माझ्या तोंडात हाय, रोज सकाळी चूळ भरली तरी जात न्हाई. मडमची औषधं मी नाकाजवळ धरली, कुजल्यालं मांस धरलं, पण माझ्या त्या एका वाक्याएवढी घाण मी कशाची घेतली न्हाई.

भिवाजीनं वर बी बघितलं न्हाई. म्हणला, "बोंबला बाई मग सावकाश. आधी पाणी तापवा."

धूर म्हणलं ना मी मघा? धूर न्हवता. वासासाठी ठिवला त्याला वाडग्यात. आन भाकर द्यायची म्हंजे दारातनं काठीनं सरकवायची, कुत्र्याला सरकवावी तशी. त्यो काठीचं टोक धरायचा कधी कधी, उगं, दोन घटका, मग सोडायचा. आन निरोप — निरोप कुणाचा आला न्हाई रत्नाबाई. भावजयीला दोन महिने अवकाश व्हता. मी आपली आपण गेले, आन भावाला सांगितलं, नाथा कामावर हाय, बरा हाय. आठ दिवस मी पोटभर जेवले. झोपले. कशी जेवली आसंन मी, सांगा. पण जेवले.

ही पट्टी उलगडली बघा. आसू द्या, परत गुंडाळती.

दोन बांबूंना घोंगडं बांधलं आन भिवाजी, अजून एक गडी, असं दोघांनी त्याला हितवर आणला. मडमनं त्याच दिवशी गुडघ्याखालनं पाय कापला. म्हणली, उशीर झाला, पायातलं इख वर रगतात गेलंय. तरी एकोणीस दिवस काढले त्यानं. मी ह्या ओसरीवर ऱ्हायची. भिवाजी दोन टायमाला पट्टी बदलायचा, मला म्हणायचा, बाई, भांडं तेवढं धरा. एकदा धरलं, आन तितंच ओकले, त्याच्या अंथरुणापाशी. नाथानं बघितलं. म्हणला, "जा, भायेर वारं हाय, तितं बस." रागानं न्हाई. तसा म्हणला, जसं मेंढराला म्हणावं सावलीत जा. रागानं म्हणला आसता तर बरं झालं आसतं.

मी भिवाजीला इचारलं, "तुला येत न्हाई का किळस?" म्हणला, "येती की. रोज येती. मी मागच्या परड्यात जाऊन ओकतो आन परत येऊन बसतो." मी म्हणलं, "मग कशापायी करतोस?" त्यो जरा लाजला, अशा गोष्टी बोलायची त्याला सवय न्हाई. म्हणला, "त्याच्या बी पायाला असंच भोक हाय म्हणत्यात. हे धुतो तवा ते धुतल्यासारखं वाटतं." एवढंच. हे कुठल्या पुस्तिकेत लिवलंय मला ठाव न्हाई. पण मी किरिस्ताव झाले आसंन तर त्या वाक्यानं झाले, मास्तरांच्या बासष्ट सवालांनी न्हाई. अठराव्या दिवशी नाथानं बाप्तिस्मा मागितला, सायबांनी दिला. मला इचारलं बी न्हाई त्यानं. का इचारावं?

आता तुमी म्हणाल, भिवाजीला सवाल आला तवा त्यानं काय सांगितलं? तेच तर. परवा सगळं झाल्यावर हा माझ्याकडं आला, म्हणला, "म्हणून टाक गं. मी बी म्हणलं व्हतं. देव आत्मा आहे, शरीर नाही, एका दमात म्हणलं आन पाणी घेतलं डोक्यावर. तोंडानं म्हणायचं, हातानं आपलं करायचं ते करायचं." मला त्याची बी किळस आली त्या घटकेला. ज्या माणसाच्या मांडीवर मी देवाचा पाय बघितला, त्यो म्हणतो, म्हणून टाक. मी दोन दिवस बोलले न्हाई त्याच्याशी. बोलीन, न बोलून जाईन कुटं.

सायब मात्र सोमवारी आपणहून आले. त्यांना नावं ठिवणार न्हाई मी. हितंच बसले, पायरीवर. चांगलं समजावून सांगितलं. म्हणले, "सगुणाबाई, शरीर म्हणजे एक जागा. तुझं शरीर इथं आहे म्हणून ते पिरंगुटात नाही. देवाला तसं शरीर असतं, तर तो तुझ्यापाशी असताना माझ्यापाशी नसता. त्याला शरीर नाही म्हणूनच तो सगळीकडे आहे, तुझ्या श्वासाहून जवळ आहे. येशू तुझ्यासाठी देह घेऊन आला खरा, पण देवाला तू देहात कोंडू नकोस." पटलं मला. खोटं कशाला बोलू, चांगला तासभर पटलं. तास झाला, मी आतली फडकी धुवायला घेतली, आन मनात आलं, सगळीकडं आसणाऱ्याला घेऊन मी काय करू? सगळीकडं तर वारं बी आसतं. सगळीकडं आसणाऱ्याच्या म्होरं माणूस जाऊन उभा कसा ऱ्हाणार, आन त्यानं तोंड फिरवलं तर कळणार कसं? मला एका जागी आसणारा पायजे. चालत जाऊन गाठता यील असा. माझ्या हातनं जे झालंय त्याची माफी वाऱ्याला मागून भागत न्हाई. आपल्यात माफी मागायची म्हंजे काय करत्यात? पाय धरत्यात. मग धरायला पाय पायजेत का न्हाईत? त्याला पाय न्हाईत असं मी सगळ्यांम्होरं बोलले, तर मी काय धरू? सांगा तुमी. तुमी शिकल्याल्या हायेत.

व्हय, ते ठाव हाय मला. नाथा कबरस्तानाच्या कुंपणाच्या आत पुरल्याला हाय, बाप्तिस्मा झाल्याल्या माणसांत. मी हे वाक्य म्हणलं न्हाई तर मला आत जागा न्हाई. कुणी सांगितलं, मास्तरांनी? आसू द्या, खरं हाय. मी जाऊन बघितलंय सगळं. एका वाक्याचं काम हाय, म्हणत्यात. तोंड हलवायचं आन जन्माची सोबत. पण नाथाच्या शेजारी पडायला मी खोटं बोलून जाऊ? एवढं खोटं बोलल्यावर आजून एक? आन तुमच्याच पुस्तिकेत हाय, शेवटच्या दिवशी सगळी मेल्याली अंगं उठणार. तवा नाथा उठणार. पायासकट उठंल का पायाबिगर, हे बी मी मास्तरांना इचारलं व्हतं, तर म्हणले, असले प्रश्न इचारू नयेत. बरोबर हाय. असले इचारू नयेत.

म्हंजे काय? लोकांना सगळं कळलं तर म्हणता? वाडग्याचं सगळ्यांना ठाव हाय. माहेरचं बी ठाव आसंल. मडमला मी आपणहून सांगितलं. ती म्हणली, घाव बघून घाबरणं पाप न्हाई, मी बी पहिल्यांदा बेशुद्ध पडले व्हते. चांगली बाई हाय. पण ते घावाचं झालं.

एकोणिसाव्या दिवशी, मेला त्या दिवशी, ऊन चांगलं वर आलं व्हतं. नाथा शुद्धीवर व्हता, तोंड उजळल्यालं. भिवाजी भायेर आला, म्हणला, बोलवतोय तुमाला. मी गेले. दारात उभी ऱ्हायले. वास न्हवता त्या दिवशी, खिडकी उघडी, चादर बदलल्याली. नाथा म्हणला, "सगुणा, पाय दाब जरा माझा. दुखतोय." उजवा म्हणत व्हता. चांगला पाय रत्नाबाई. उजव्याला काय झालं न्हवतं. चादरीच्या भायेर आल्याला, भिवाजीनं सकाळीच धुतल्याला, टाचेला जुन्या भेगा — मेंढरामागं हिंडून पडल्याल्या, मीच त्यात मेण भरायची दर थंडीत. पंधरा वर्सं मी त्यो पाय दाबला. त्याला जखम न्हाई, पू न्हाई, काय न्हाई. लोक म्हणत्यात बाईला किळस आली, काय करणार बिचारी. उजव्या पायाला कसली किळस? मला माणसाचीच किळस आली व्हती. मरणाऱ्या माणसाची. मी म्हणलं, "हात धुऊन येती." आन भायेर आले, त्या रांजणापाशी बसले, हात धुतले. परत धुतले. आतनं हाक आली, सगुणा. मी हात धुती. परत एकदा आली. मग आली न्हाई.

भिवाजी भायेर आला, हात पुसत, माझ्याशेजारी बसला. त्याला वाटतंय मी भांड्याला घाबरले, पट्टीला घाबरले. त्याला ठाव न्हाई नाथानं कुठला पाय म्हणला ते. कुणाला ठाव न्हाई. तुमाला का सांगितलं मी, कोण जाणे. तुमी पुण्याच्या, परत यायच्या न्हाईत, म्हणून आसंल.

न्हाई. न्हाई, हात नका ठिवू माझ्यावर. तुमी चांगल्या मनानं ठिवताय, कळतंय मला, पण नका. घ्या तिकडं. सायबांना काय सांगायचं ते सांगा, बाई ऐकत न्हाई म्हणा, अडाणी हाय म्हणा, हे मात्र सांगू नका. टांगेवाला कवाचा ताटकळलाय, ऊन चढायच्या आत पिरंगूट गाठा. जावा. ऊठा, जावा म्हणती ना.